सोडलेल्या माशांचं कालवण

मी मालवणचा आहे, हे ऑफिसच्या कँटीनमध्ये बोलायला नको होतं. बोललो. वर 'घरापासून समुद्र दहा मिनिटांवर' हेही सांगितलं. समोरच्या सहकाऱ्याचे डोळे लकाकले. शनिवारी अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सेंट क्लेअर या सरोवरावर स्मॉलमाउथ बास नावाचे गोड्या पाण्यातले मासे पकडायची स्पर्धा होती, दोघादोघांची टीम, आणि त्याच्या जोडीदाराची नेमकी कंबर धरली होती. "म्हणजे तू तर जन्मजात कोळी!" तो म्हणाला. माझे वडील पोस्टात होते. माझा माशांशी संबंध ताटात सुरू होतो आणि काटे बाजूला काढल्यावर ताटातच संपतो. आमच्याकडे गरी घेऊन गरवायला बसणारा माणूस रिकामटेकडा समजला जातो. पण हे सगळं इंग्रजीत सांगेपर्यंत मी प्रवेश फीचे निम्मे पैसे देऊन बसलो होतो.

पैसे आणि बोट त्याच्याकडे जमा झाल्यापासून मी त्याला मनातल्या मनात 'तांडेल' म्हणतो.

नियमांचे कागद आदल्या रात्री वाचले. मासे जास्तीत जास्त पाच, प्रत्येक किमान चौदा इंच, आणि नंबर एकूण वजनावर. मासा मेला तर वजन कापणार. परतायला उशीर झाला तर मिनिटाला एक पौंड कापणार. आणि शेवटी बारीक अक्षरात, विजेत्यांची लाय डिटेक्टरवर चाचणी होऊ शकते. मला वाटलं गंमत असेल. तांडेलाने तोंड पाडून सांगितलं की २०२२ मध्ये शेजारच्या लेक एरीवर एका स्पर्धेत पहिल्या आलेल्यांच्या माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले होते. आमच्या बाजारात बर्फ वजनात धरतात, ते किती निरागस वाटलं मला.

पहाटे पाचला बोट पाण्यात सोडायच्या रांगेत उभे होतो. मी बायकोने भरून दिलेली पिशवी बोटीत ठेवली. तांडेलाने सहज आत डोकावलं आणि साप दिसावा तसा मागे सरकला. "हे केळ्याचे आहेत?"

केळ्याचे वेफर्स होते. बोटीवर केळं म्हणजे महाअपशकुन, ही इथल्या मासेमारांची श्रद्धा. हा माणूस दिवसभर इंजिनांच्या चाचण्यांचे आकडे तपासतो, मांजर आडवं गेलं तर तिला उचलून लाड करतो. पण केळं म्हटल्यावर त्याचा चेहरा आमच्या आजीसारखा झाला. मागे आठ-दहा गाड्या खोळंबलेल्या, आणि मी वेफर्सचं पाकीट सुतक असल्यासारखं लांब धरून आमच्या गाडीत ठेवायला चाललोय. मात्र तोवर मी मूठभर खाल्ले होते, आणि पाच-सहा जाकिटाच्या खिशात होते. हे मी कोणाला बोललो नाही.

लेक सेंट क्लेअर हे तळं म्हणणं म्हणजे अरबी समुद्राला डबकं म्हणण्यासारखं. अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी. काही अमेरिकेचं, काही कॅनडाचं. तरी 'ग्रेट लेक्स', म्हणजे इथल्या पाच महासरोवरांच्या यादीत त्याला जागा नाही. सरासरी खोली अकरा फूट. खोली कमी म्हणून मी खुश झालो होतो. ते चुकलं. उथळ पाण्यावर वारा फिरला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात, आणि त्यावरून भरधाव बोट म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीची मागची सीट. माझे मणके किती आहेत ते मला त्या दिवशी एकेक करून कळलं.

पाणी मात्र इतकं नितळ की दहा फुटांवरचा गोटा दिसावा. त्यामागे एक शिंपला आहे. झेब्रा मसल, नखाएवढा, पट्टेरी, आपल्या शिनाण्यांचा लांबचा नातलग. जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून युरोपकडून आला, १९८८ मध्ये इथेच पहिल्यांदा सापडला, आणि पाणी गाळत सुटला. पाठोपाठ गोबी नावाचा मासा तसाच फुकट आला. स्मॉलमाउथ त्यावर पोसतो. तांडेलाने गळाला लावायला दिलेलं रबरी गोबी पाहिलं आणि मला भडभडून आलं. अगदी आमच्या खाडीतला निवटा.

"आता काय करू?"

"काही करू नकोस. खाली सोड आणि हलवू नकोस."

साडेअकरापर्यंत आम्ही दोघांनी काहीच केलं नाही. माशांनीही नाही. तांडेल मधूनच माझ्याकडे बघायचा. केळ्याचा वास येतो का, असा प्रश्न त्याच्या नाकपुड्यांवर स्पष्ट दिसत होता. शेवटी तो पाठमोरा असताना मी खिशातले वेफर्स तोंडात कोंबले, आणि चावताना आवाज नको म्हणून भिजवत बसलो.

तेवढ्यात काठी वाकली. तोंडात वेफर्स, त्यामुळे ओरडता येईना. मासा पाण्याबाहेर दोन हात उडाला, ब्राँझच्या भांड्यासारखा, अंगावर उभे पट्टे, लालबुंद डोळा. आत आल्यावर तांडेलाने मला तो खालच्या ओठात अंगठा घालून धरायला लावला. आत काचकागद असतो. अंगठ्याचं साल निघालं. मी घरी जाऊन याची कढी कशी करायची ते ठरवत होतो, आणि तांडेल त्याला बाळासारखा दोन्ही हातांत घेऊन बोटीतल्या टाकीत सोडत होता. टाकीत हवेचे बुडबुडे, आणि गार राहावं म्हणून बर्फाची बाटली. मला दिवसभरात पाणी विचारलं नव्हतं.

मग एकापाठोपाठ लागले. पाच झाले, सहावा आला. सगळ्यात हलका सोडायचा म्हणून तांडेलाने एक दांडी काढली आणि दोन टोकांना दोन मासे लटकवले. हा तराजू मला ओळखीचा होता. ज्या बाजूला माझा मासा, ती बाजू वर गेली. माझा मासा सरोवरात, त्याचा टाकीत.

ही सोडासोडी कुठून आली? १९६७ मध्ये अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या विमा विक्रेत्याने बासची मोठी स्पर्धा भरवली, आणि १९७२ पासून 'मासे जिवंत सोडा' असा आग्रह धरला. माणसाला मरणाची भीती दाखवून पोट भरणाऱ्याने माशांना अभय द्यावं, हे मला पटतं.

वेळेत पोचलो. सतरा पौंड चार औंस. पहिल्या आलेल्यांचे चोवीसच्या वर होते. आमचा नंबर सदतिसावा, तांडेल हळहळत होता, आणि मी मनोमन हात जोडत होतो. सदतिसाव्याला लाय डिटेक्टर लावत नाहीत.

रात्री घरी फोन केला. तिकडे रविवारची सकाळ.

"किती गावले रे?" आई.

"पाच. एकेक दीड किलोचा."

"मगे कढी केलंस काय तळलंस?"

"सोडून दिले."

"कित्याक? मेलेले?"

"जिवंत होते गं. वजन केलं आणि सोडले."

"वजन करून सोडलंस?" तिचा आवाज बदलला. "आणि पैशे कोणी दिल्यान?"

"आम्हीच दिले. भरपूर."

पलीकडे बराच वेळ नुसता मिक्सर चालू होता. जुलैचा मध्य, मासेमारीची बंदी, समुद्रात एक होडी नाही. मग आई दबक्या आवाजात म्हणाली, "झिला, बापाशीक ह्या सांगा नको. तेंका सुक्या बांगड्यार दीड महिनो झालो."