लेसर की ग्रेटर? डोकं फिरवलंय नुसतं!

हे सँड प्लवर, म्हणजे हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येणारे छोटे पक्षी, मला एक दिवस वेड लावणार आहेत. यांच्या जाती दोन, लेसर म्हणजे धाकटा आणि ग्रेटर म्हणजे थोरला. पुस्तक उघडावं तर लेसर सँड प्लवर म्हणे आखूड चोचीचा, आखूड पायांचा आणि ग्रेटर लांब चोचीचा, लांब पायांचा. अहो, पण कुणापेक्षा? ओहोटीला एकटाच पक्षी लांबवर उभा, उन्हानं हवा थरथरतेय, आणि मी काय त्याला फूटपट्टी लावू? एक 19-21 सेंटिमीटर, दुसरा 22-25. दुर्बिणीतून दोघेही चिमणीएवढेच!

पायांचा रंग बघा म्हणे. लेसरचे काळपट, ग्रेटरचे हिरवट-पिवळसर. शिवडीच्या चिखलात बरबटलेल्या पायांना रंग एकच, चिखलाचा.

त्यातल्या त्यात कामाची खूण चोचीची. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर धरायचं. चोच तेवढीच किंवा आखूड असेल तर लेसर, सरळ जास्त भरली तर ग्रेटर. पण त्यासाठी पक्षी कडेनं दिसायला हवा ना! हा पठ्ठ्या चार पावलं तुरुतुरु धावतो, थबकतो आणि नेमका माझ्याकडे तोंड करून उभा. समोरून कसली लांबी नि कसलं काय!

उन्हाळ्याच्या तोंडावर छातीवर तांबूस पट्टा येतो. लेसरचा रुंद, ग्रेटरचा अरुंद. तेव्हा कुठे जरा सोपं. पण रंग चढतो न चढतो तोच हे निघाले, एक लडाख-तिबेटकडे, दुसरा मध्य आशियात. आपल्या नशिबी हिवाळाभर तेच मळकट राखाडी. त्यात शास्त्रज्ञांनी लेसरचेही दोन करून ठेवलेत, तिबेटी आणि सैबेरियन. घ्या!

खरा उपाय एकच, दोघं शेजारी-शेजारी दिसणं. भरतीला एकाच थव्यात पुळणीवर विसावतात तेव्हा ग्रेटरचं थोराड डोकं, जाडजूड चोच पटकन नजरेत भरते. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दीडशहाणा वाळूत जीप घालतो. लाटेच्या कडेनं भरधाव, गाणी लावून. अरे, रस्ते कमी पडले का तुम्हाला? थवा उडाला की संपलं. उडताना ग्रेटरचे पाय शेपटीबाहेर डोकावतात, असं पुस्तक सांगतं. शोधा आता त्या भिरभिरत्या गर्दीत!

वर जीपवाला काच खाली करून विचारणार, "काय काका, दिसलं का काही?"