पहिली चार, शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून पैसे पाठवू नका

सोलापुरातल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत घरी बसून परदेशी गिऱ्हाइकांसाठी डिझाइन, कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग करणारी पोरं आहेत, त्यांतल्या काहींची कमाई यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेल्या क्रिप्टो टोकनात, येते. ती हा संदेश एकमेकांना पाठवतात आणि घरच्यांनाही. मजकूर थोडक्यात असा:

“क्रिप्टो पाठवताना पत्ता हाताने टाइप करू नका, जुन्या व्यवहारातून कॉपी करा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली की पत्ता बरोबर. मोठी रक्कम असेल तर आधी थोडी पाठवून बघा. हार्डवेअर वॉलेट असेल तर घाबरू नका. ही फसवणूक फक्त बड्या लोकांची होते. आणि झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, पैसे थांबतात.”

इथे पत्ता म्हणजे बँकेच्या खाते क्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची लांब ओळ, वॉलेट म्हणजे क्रिप्टो ठेवायचं आणि पाठवायचं साधन, आणि १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असणार, यात मला शंका नाही. पण हा सगळा सल्ला एकाच गृहीतावर उभा आहे: आपल्या हातून टाइप करताना चूक होईल, तेवढी टाळली की झालं. आज ज्या फसवणुकीने लोक लुटले जातायत, तिच्यात समोर एक माणूस बसलेला असतो आणि तो तुमच्या नजरेची सवय ओळखून पत्ता तयार करतो. अशा माणसापुढे या संदेशातली पहिली दोन वाक्यं त्याच्याच कामाला येतात. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलतो.

“जुन्या व्यवहारातून कॉपी करा.”

सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

ब्लॉकचेनवरचा, म्हणजे क्रिप्टोच्या सार्वजनिक नोंदवहीतला, प्रत्येक व्यवहार कुणालाही बघता येतो. तुम्ही कुणाला किती वेळा पैसे पाठवता, हे चोराचा प्रोग्राम बसल्या बसल्या वाचत असतो. तुम्ही ज्या पत्त्यावर नेहमी पाठवता, त्याच्यासारखाच दिसणारा पत्ता तो तयार करतो आणि मग तो पत्ता तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवतो. त्याचे तीन रस्ते आहेत. पहिला, त्या बनावट पत्त्यावरून तुम्हाला अगदी किरकोळ रक्कम पाठवायची. दुसरा, यूएसडीटी हेच नाव दिलेलं खोटं टोकन काढायचं आणि तुम्ही नुकतीच पाठवलेली नेमकी तीच रक्कम त्या टोकनात दाखवायची. तिसरा रस्ता ऐकला की लोक हादरतात: तुमच्याच खात्यातून त्या बनावट पत्त्यावर शून्य रक्कम गेल्याची नोंद करायची.

“माझी सही नसताना माझ्या खात्यातून नोंद कशी होईल?” हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो रास्तच आहे. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरच्या टोकनांसाठी जो नियम ठरलेला आहे, त्यात शून्य रकमेचा व्यवहारही साधा व्यवहार मानावा आणि त्याची नोंद उमटावी, असं स्पष्ट म्हटलंय. दुसऱ्याच्या खात्यातून टोकन हलवायला त्याने आधी परवानगी दिलेली असावी लागते. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ते टोकन चालवणारा प्रोग्राम, तपासतं की परवानगीची रक्कम मागितलेल्या रकमेइतकी आहे का. परवानगी शून्य, मागितले शून्य. अट पूर्ण झाली. यात तुमची खासगी की, म्हणजे व्यवहारावर सही करायची गुप्त किल्ली, चोरीला गेलेली नसते, वॉलेटही हॅक झालेलं नसतं. फक्त यादीत, “पाठवले” या रकान्यात, एक अनोळखी पत्ता ओळखीचा होऊन बसतो.

मेटामास्क या वॉलेटने जानेवारी २०२३ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. इथेरियमवरचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या साइटने एप्रिल २०२३ पासून शून्य रकमेचे टोकन व्यवहार आपोआप लपवायला सुरुवात केली. ते चांगलंच झालं, पण किरकोळ रकमेचा आणि खोट्या टोकनाचा रस्ता उघडाच राहिला. तेव्हा व्यवहारांची यादी हिशोबासाठी बघा, पत्ता घेण्यासाठी कधीच नाही. पत्ता ज्याला पैसे द्यायचे त्याच्याकडूनच घ्यायचा, एकदा नीट तपासायचा, वॉलेटच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये नाव देऊन ठेवायचा आणि पुढे प्रत्येक वेळी तिथूनच निवडायचा. एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री होते तिथे, स्वतःच्याच खात्यात टाकायचे असतील तर दर वेळी एक्स्चेंजचं अ‍ॅप उघडून तिथला पत्ता घ्या. एक्स्चेंजवरून बाहेर काढताना ठरवून ठेवलेल्या पत्त्यांवरच पैसे जातील अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते, ती चालू करा.

“पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली की पत्ता बरोबर.”

इथेरियमचा पत्ता म्हणजे शून्य-एक्सच्या पुढे ४० अक्षरं. प्रत्येक जागी १६ पर्याय. म्हणजे ठरावीक आठ जागा जुळवायला सरासरी १६ चा आठवा घात, साधारण ४२९ कोटी पत्ते बनवून बघावे लागतात. आकडा मोठा वाटतो खरा. पण गेम खेळायला वापरतात तसलं एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला कोट्यवधी पत्ते बनवून तपासतं. सेकंदाला ३० कोटींचा वेग धरला तर चार-चार अक्षरं पंधरा सेकंदांच्या आसपास जुळतात. पाच-पाच धरली तर तासभर लागतो. सहा-सहा धरली तर एका कार्डावर दहा-अकरा दिवस, आणि चोराकडे कार्डं अनेक असतात. चहा गार व्हायच्या आत जे बनतं, त्याच्या जोरावर हा संदेश लोकांना वर्षभराची कमाई पाठवायला सांगतोय.

ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनवर, जिथे आपल्याकडचे बरेच जण स्वस्त म्हणून यूएसडीटी पाठवतात, पत्ता ३४ अक्षरांचा असतो आणि प्रत्येक पत्ता ‘टी’नेच सुरू होतो. म्हणजे तिथे “पहिली चार” यातलं एक अक्षर जुळलंच म्हणून समजा.

“पत्त्यात चेकसम असतो ना, चूक असेल तर वॉलेट सांगेल,” असंही काही जण म्हणतात. चेकसम म्हणजे पत्त्यातच दडवलेली पडताळणीची खूण; एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर ती पकडते. चोराचा पत्ता मात्र खरोखरचा, पूर्णपणे वैध पत्ता असतो, त्याचा चेकसमही बरोबर असतो. वॉलेटच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही.

सोलापूरकराला हे समजायला अवघड जाऊ नये. घडी घातलेल्या चादरीचे दोन काठ बघून कुणी अख्खा गठ्ठा उचलत नाही, घडी उलगडून मधलं विणकाम बघतो. पत्त्याचंही मधलंच बघायचं असतं. चोराला टोकांची अक्षरं ठाऊक आहेत, कारण वॉलेट तेवढीच दाखवतं आणि मधे टिंबं टाकतं. तुम्ही मधली कुठली अक्षरं तपासणार, हे त्याला ठाऊक नसतं. पूर्ण पत्ता ताडून बघणं सगळ्यात उत्तम. ते जमत नसेल तर मधल्या दोन वेगवेगळ्या ठिकाणची पाच-सहा अक्षरं, दर वेळी जागा बदलून बघा. मधे टिंबं टाकून पत्ता दाखवण्याची ही रीत वॉलेट बनवणाऱ्यांनी पाडली. त्यांनी ती कधीच मोडायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. फोनच्या पडद्यावर जागा कमी आहे हे कारण पुरेसं नाही.

फोनवर पत्ता सांगायची वेळ आली तर एक काळजी घ्या. घरात तेलुगू, पेठेत मराठी आणि शेजारी कन्नड बोलणारा माणूससुद्धा ही अक्षरं इंग्रजीतच सांगतो, आणि बी, डी, ई, सी ही सगळी फोनवर सारखीच ऐकू येतात. म्हणून पत्ता लेखी मागवा आणि बोलून पडताळताना मधले आकडे विचारा. “अण्णा, अकराव्या अक्षरापासून पुढचे आकडे वाचा बरं,” एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागतं. लेखी पत्ता ज्या मार्गाने आला, त्याच मार्गाने पडताळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर फोन करून विचारा, कारण त्या माणसाचं व्हॉट्सअ‍ॅपच दुसऱ्याच्या हातात असू शकतं.

पेस्ट केल्यावरही एकदा बघा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलून आपला पत्ता चिकटवणारे व्हायरस असतात. तो वेगळा प्रकार आहे, पण पैसे तितकेच जातात.

“आधी थोडी रक्कम पाठवून बघा.”

हा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यानेच घात होतो. डिसेंबर २०२५ मध्ये एकाने पाच कोटी डॉलर हलवण्याआधी ५० यूएसडीटी पाठवून बघितले. ते बरोबर पोहोचले. त्या छोट्या व्यवहारावर पाळत ठेवून असलेल्या चोराने लगेच तसाच दिसणारा पत्ता बनवला आणि यादीत टाकला. मग त्या माणसाने यादीतून पत्ता उचलला आणि उरलेले ४,९९,९९,९५० यूएसडीटी थेट चोराला गेले. मे २०२४ मध्ये १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनच्या किमतीचं इथेरियमवरचं टोकन), म्हणजे त्या वेळचे सुमारे ६.८ कोटी डॉलर, याच रीतीने गेले. तिथेही आधी चाचणीचा व्यवहार झालेला होता.

म्हणजे चाचणीच चोराला जागं करते. म्हणून चाचणी करूच नका, असं मी म्हणत नाही. करा, समोरच्याला फोन करून मिळाले का ते विचारा आणि मोठी रक्कम त्याच अ‍ॅड्रेस बुकमधल्या नोंदीवरून पाठवा. यादी उघडूच नका.

“हार्डवेअर वॉलेट असेल तर घाबरू नका.”

हार्डवेअर वॉलेट हे छोटं वेगळं यंत्र तुमची खासगी की सांभाळतं, आणि त्या कामाला ते चांगलं आहे. इथे की कुणी चोरतच नाही. चुकीच्या पत्त्यावर तुम्ही स्वतः सही करता आणि यंत्र ती इमानाने पुढे धाडतं. त्याच्या छोट्या पडद्यावर पत्ता दिसतो, हा त्याचा खरा उपयोग आहे. पण तो पत्ता मूळ पत्त्याशी ताडून बघायला हवा. संगणकावर यादीतून जो उचलला त्याच्याशी ताडला तर दोन्हीकडे चोराचाच पत्ता दिसेल आणि तुम्ही निर्धास्तपणे बटण दाबाल.

“ही फसवणूक फक्त बड्या लोकांची होते.”

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी जुलै २०२२ ते जून २०२४ या दोन वर्षांतले इथेरियम आणि बीएनबी चेन या दोन ब्लॉकचेनवरचे व्यवहार तपासले. त्यांना २७ कोटी प्रयत्न सापडले, १ कोटी ७० लाख पत्त्यांवर केलेले. त्यातले ६,६३३ यशस्वी झाले आणि किमान ८.३८ कोटी डॉलर गेले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. बहुतेक प्रयत्न वाया जातात, हे खरं. मोठी शिल्लक आणि सतत व्यवहार असलेले पत्ते चोराला जास्त आवडतात, हेही खरं. पण १ कोटी ७० लाख बडे लोक कुठून आणणार? जिथे शुल्क कमी, तिथे चोराला एका प्रयत्नाला नगण्य खर्च येतो, त्यामुळे तो निवड करत बसत नाही. दर महिन्याला एकाच पत्त्यावर पैसे पाठवणारा माणूस त्याला सोयीचा असतो, कारण त्याची सवय पक्की असते. आणि ज्याचे सगळे मिळून दोन हजार डॉलर आहेत, त्याचे दोन हजार गेले तर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

“लगेच १९३० ला फोन करा, पैसे थांबतात.”

यूपीआय किंवा बँकेतल्या फसवणुकीत १९३० खरंच कामाला येतो. पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात असतात आणि तक्रार वेळेत पोहोचली तर मधेच रोखता येतात. ब्लॉकचेनवर मधे कुणी बसलेलं नसतं. व्यवहार पक्का झाला की परत फिरवायचं बटण कुणाकडेच नाही. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते, पण चोरालाही ते ठाऊक असतं. तो मिनिटांत ते टोकन बदलून ज्याला गोठवता येत नाही असं काहीतरी घेतो. डिसेंबरच्या त्या प्रकरणात नेमकं हेच झालं. मे २०२४ मधल्या चोराने मात्र बोलणी झाल्यावर काही दिवसांत बहुतेक रक्कम परत केली. त्या एका उदाहरणावर कुणी आशा लावून बसू नये.

तरीही तक्रार करा, आणि त्याच दिवशी करा. १९३० वर, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर आणि शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या सायबर विभागात, तालुक्यात असाल तर ग्रामीण पोलिसांकडे. चोराने पुढे कधी ते पैसे एखाद्या एक्स्चेंजवर नेले, तर तिथे सहसा ओळखपत्र द्यावं लागतं आणि पोलिसांच्या पत्राशिवाय कुठलंही एक्स्चेंज कुणाचं नाव सांगत नाही. “क्रिप्टो बेकायदेशीर आहे, पोलीस मलाच धरतील,” या भीतीने गप्प बसणारे मला भेटलेत. भारतात क्रिप्टो चलन म्हणून मान्य नाही, पण ते बाळगणं गुन्हा नाही. एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. ज्याच्यावर सरकार कर घेतं, त्याच्या चोरीची तक्रार घेऊन जायला संकोच कशाला?

जाताना व्यवहाराचा हॅश (म्हणजे त्याचा ओळख क्रमांक), स्वतःचा पत्ता, खरा पत्ता आणि बनावट पत्ता असे चारही पूर्ण लिहून न्या. टिंबं असलेला स्क्रीनशॉट तपासाला उपयोगी पडत नाही. आणि ज्याला पैसे द्यायचे होते त्यालाही त्याच दिवशी कळवा. त्याच्या पत्त्याची नक्कल झालेली आहे, तेव्हा त्याला पैसे पाठवणाऱ्या बाकीच्या लोकांच्या यादीतही तोच बनावट पत्ता आत्ता बसलेला असू शकतो.