बदलायचेत गिअर, सायकल नाही!

चढावर पॅडलवर उभं राहून सगळं वजन टाकावं आणि नेमकी तेव्हाच चेन खाडकन दातावरून सटकावी. पाय हवेत, गुडघा हँडलवर आणि तोंडात येतील ते शब्द! जुन्या एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर, झिजलेली कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) ज्यांनी वापरली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. उपायही सगळ्यांना माहीत आहे. चेन बदला, कॅसेट बदला, मधली चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र) गेली असेल तर तीही बदला. झिजण्यासाठीच असलेल्या वस्तू आहेत त्या. पण एवढं साधं काम करायला निघालात की बघा कसा जीव खातात ते!

भेटणारा पहिला शहाणा म्हणतो, "अहो, या सायकलवर कशाला खर्च करताय? नवीनच घ्या की!" का म्हणून? फ्रेमला तडा नाही, चाकं सरळ फिरतात, ब्रेक जागच्या जागी लागतात. चपलेचा अंगठा तुटला म्हणून कुणी पाय बदलतं का? तरी सल्ला तयार. सव्वीस इंची चाक, म्हणजे जुन्या एमटीबीचं माप, दिसलं की यांच्या चेहऱ्यावर अशी दया पसरते, जणू आपण सायकल नाही, आजारी माणूस घेऊन आलोय.

बरं, हे सगळं टाळता येतं. नव्या चेनच्या चोवीस कड्या पट्टीवर धरा, बरोब्बर 12 इंच भरतात. आतल्या पिना झिजत जातात तसतसं हे माप वाढतं. 1/16 इंच वाढलं की चेन बदलायची. 1/8 पर्यंत वाढू दिलं तर त्या लांबलेल्या चेनने कॅसेटचे दातेही खाल्ले असं समजा, आणि मग नवी चेन त्या जुन्या दातांवर टिकतच नाही, सटकत राहते. शाळकरी पट्टीवर होणारी तपासणी! सायकल विकताना ही एक ओळ सांगायला किती वेळ लागतो? पण नाही. तेव्हा फक्त गिअर किती आहेत ते मोजून दाखवायचं.

आणि कॅसेट तरी अख्खी कुठे झिजते? रोज ज्या दोन-तीन चक्रांवर चेन असते तेवढीच जातात. सगळ्यात मोठं चक्र बघा, बऱ्याचदा नव्यासारखं असतं. एके काळी हवं ते चक्र सुटं मिळायचं. आता मधली चक्रं पिना ठोकून एकमेकांना जखडलेली. दोन चक्रांसाठी नऊ फेका!

ठीक आहे, फेकतो. आता विचार केला, बदलतोच आहोत तर थोडं सुधारूनही घेऊ, चढासाठी मोठं चक्र असलेली दहा गिअरची कॅसेट टाकू. कॅसेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर बसते, अगदी व्यवस्थित बसते. आपण खूश. मग कळतं की शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) बदलायचा, कारण गिअरमधलं अंतर वेगळं. डिरेलरही (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) बदलायचा, कारण शिमानो कंपनीने एमटीबीच्या दहा गिअरना केबल ओढण्याचं प्रमाणच बदलून टाकलं. आठ-नऊ गिअरच्या जमान्यात त्यांचा रोड बाइकचा शिफ्टर बहुतेक वेळा एमटीबीच्या मागच्या डिरेलरवर चालून जायचा. लोक जुन्या पेटीतलं काहीही उचलून जोडायचे आणि गिअर पडायचे. हे सुख कुणाला बघवलं नाही बहुतेक. आता प्रत्येक पिढीचं माप निराळं, आणि 'कॅसेट बदलायची' म्हणता म्हणता हबपासून हँडलपर्यंत सगळं बदलायच्या यादीत.

बारा गिअरचं तर विचारूच नका. 2012 मध्ये शिमानोच्या स्पर्धक स्रॅम कंपनीचा एकाच चेनरिंगचा अकरा गिअरचा संच आला, 2016 मध्ये बारा झाले, 2018 मध्ये शिमानोही बारावर गेली. सगळ्यात लहान चक्र दहा दातांचं हवं म्हणून हबवरची खाच बदलली. स्रॅमची वेगळी, शिमानोची वेगळी, अर्थातच. म्हणजे आता हबही नवा. नवा हब म्हणजे चाक पुन्हा विणा. आणि आजच्या एमटीबीचे हब 148 मिलिमीटर रुंद, जाड एक्सलचे. आपली फ्रेम 135 ची, क्विक रिलीजवाली, म्हणजे दांडी उघडून चाक काढायची. बसत नाही. घ्या, झाली ना नवीन सायकल!

आता 2023 पासून शिमानोची क्यूज नावाची सुट्या भागांची मालिका आहे. नऊ, दहा, अकरा गिअर, सगळ्यांत चक्रांमधलं अंतर एकच, दाते जास्त टिकणारे. कल्पना चांगली आहे, मान्य. कॅसेट जुन्या हबवर बसते हेही मान्य. पण जुना शिफ्टर, जुना डिरेलर? नाही चालणार. सुटे भाग एकमेकांशी जुळावेत हे आत्ता सुचलं, आणि तेही फक्त नव्यांचं नव्यांशी!

आमच्यासारख्या नऊ गिअरवाल्यांना भाग मिळतच नाहीत असं नाही. मिळतात, पण खालच्या दर्जाचे आणि वजनदार. एके काळी याच नऊ गिअरमध्ये शर्यतीत वापरायचे हलके, देखणे भाग यायचे. आता ते हवे असतील तर कुणाच्या तरी अडगळीतून, वापरलेले, आणि विकणाऱ्याचा तोरा असा की पुरातन मूर्ती विकतोय.

अजून एक गंमत. गिअर पडत नाही म्हणून शिफ्टर 'मेला' असं सर्रास जाहीर केलं जातं. बऱ्याचदा आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं आणि खटका पकड घेत नाही, एवढंच. सफाईचा स्प्रे मारा, जुना चिकटा निघेपर्यंत खटका दाबत राहा, मग पातळ तेलाचे दोन थेंब. बहुतेक वेळा जिवंत होतो. पण तेवढा धीर कुणाला? जुना काढ, नवा लाव, बिल फाड.

माझं ठरलंय. नऊचीच चेन, नऊचीच कॅसेट, नवी केबल आणि तिची नळी. दहा नको, बारा तर नकोच. फक्त मधली चेनरिंग राहिली, दात शार्कच्या पाठीवरच्या परासारखे वाकलेत तिचे. चार बोल्ट काढायचे आणि नवी बसवायची, इतकं सोपं असायला हवं होतं. पण या क्रँकवर (पॅडल जोडलेल्या दांड्यावर) बोल्टच नाहीत, तिन्ही चेनरिंग रिव्हेट मारून कायमच्या बसवलेल्या! एका चेनरिंगसाठी तिन्ही आणि वर क्रँकचा दांडाही भंगारात. ज्याने चार बोल्टांचे पैसे वाचवायला हे रिव्हेट ठोकले, त्याला याच सायकलवर बसवून सगळ्यात उभ्या चढावर पाठवा. जुन्याच चेनसकट.