नफ्यामागचे सरकार

बाजाराला मोकळे सोडा म्हणणाऱ्या नवउदारमतवादी अर्थतज्ज्ञांनी सरकारला अर्थव्यवस्थेतून बाहेर काढले, असे त्यांचे समर्थक अभिमानाने सांगतात आणि टीकाकार चिडून. मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. सरकार जागचे हलले नाही. त्याने कोणासाठी राबायचे, तेवढे मात्र बदलले.

चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांकडे लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीने आर्थिक धोरण सोपवले. १९८१ मध्ये तिथले निवृत्तिवेतन खासगी कंपन्यांकडे गेले. कामगाराच्या पगारातून १० टक्के रक्कम कायद्याने कापली जाऊ लागली, कंपनीचे कमिशन वेगळे, आणि मालकाने भरायचा हिस्सा रद्द. गिऱ्हाईक कायद्यानेच दारात आणून उभे केले, तर त्याला मुक्त बाजार कसे म्हणायचे? आणि ही योजना ज्या लष्कराच्या बळावर आली, त्या लष्कराने स्वतःसाठी मात्र जुनीच व्यवस्था कायम ठेवली.

अमेरिकेत हेच अधिक सभ्यपणे झाले. कायदा आणि रूढ नीतिनियम पाळून मालकांसाठी नफा वाढवणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी, असे त्याच शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये एका गाजलेल्या लेखात मांडले. (चलनवाढीबाबत त्यांनी दिलेले इशारे मी आजही गांभीर्याने घेतो, या लेखाबाबत तसे म्हणवत नाही.) कारण कायदा पाळा म्हणताना, तो कायदाच नफ्याच्या सोयीने बदलून घेतला तर काय, हा प्रश्न तिथे सुटून जातो. १९८२ मध्ये, रेगन यांच्या काळात, अमेरिकी शेअर बाजाराच्या नियामकाने कंपन्यांना काही अटींवर स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्याची वाट सुरक्षित करून दिली. त्याआधी अशा खरेदीवर भाव फुगवल्याचा आरोप येण्याची धास्ती असे. हिशेब सोपा आहे: नफा १०० आणि शेअर १० असतील, तर प्रत्येक शेअरमागे १० येतात, एक शेअर परत घेतला की तोच नफा शेअरमागे ११ च्या वर दिसतो. नवी वस्तू नाही, नवे गिऱ्हाईक नाही, आणि ज्याचा मोबदला शेअरच्या भावाशी बांधलेला आहे तो अधिकारी खूश.

बँका स्वतःच्या हितासाठी तरी भागधारकांना जपतील हे आपले गृहीतक चुकले, असे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर कबूल केले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला त्याच संसदेने वित्तसंस्थांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलर मंजूर केले होते.