कॉलेज उघडलं, पण पोरं यायची कशी?

नोव्हेंबर २०२१. कोरोनामुळे बंद असलेली राज्यातली सीनियर कॉलेजं २० ऑक्टोबरपासून सुरू झाली. लगेच दिवाळीची सुट्टी लागली, म्हणजे खरी सुरुवात आता कुठे होतेय. आमच्याकडची तयारी बघाल तर खूश व्हाल. गेटवर टेम्परेचर गन, पायानं दाबायचं सॅनिटायझर, बाकांवर एकाआड एक फुल्या, भिंतीवर फ्लेक्स. फोटो काढून वर पाठवायचे होते, तेही गेले. पोरं तेवढी आली नाहीत.

मी साताऱ्यात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या स्टाफरूमचं निदान तयारच आहे : "घरी बसून पास व्हायची चटक लागलीय पोरांना." असतीलही काही तशी. पण न आलेल्यांना मी फोन लावतोय आणि ऐकू येतंय ते वेगळंच आहे.

"सर, एसटीच न्हाय तर येऊ कशानं?" हे पाटण खोऱ्यातलं पोरगं. दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला एसटीचा संप नोव्हेंबर २०२१ मध्ये बहुतेक आगारांत पोचला होता. त्या संपावर मी इथं मत देत बसणार नाही. ड्रायव्हर-कंडक्टरच्या हातात महिन्याला काय पडतं हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यांना शिव्या घालणार नाही. पण मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत मिळणारं पोरगं वडापला, म्हणजे खासगी जीपला, रोज जाण्यायेण्याचे पुरते पैसे कुठून आणणार? शिवाय वडाप म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. जीपमध्ये मांडीला मांडी लावून यायचं आणि वर्गात आलं की आम्ही म्हणणार, बाळांनो, एक बाक सोडून बसा.

दुसरं कारण कोरोनाच्या लसीच्या डोसाचं. तेव्हा कॉलेजात यायचं तर दोन्ही डोस हवे होते. नियम ठीकच होता, पण जरा महिने मोजून बघा. १८ ते ४४ वयाचं लसीकरण १ मे २०२१ ला सुरू झालं. साठा नाही म्हणून राज्यानं ते मे महिन्यातच थांबवलं आणि जूनमध्ये पुन्हा सुरू केलं. खेड्यातल्या पोरांचा नंबर लागेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला. कोविशील्ड लसीच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर लागायचं. सप्टेंबरच्या मध्यावर ज्यानं पहिला घेतला, त्याचा दुसरा डिसेंबरात येतो. म्हणजे त्यानं सगळं वेळेवर केलं तरी तो गेटाबाहेरच. सरकारच्या 'मिशन युवा स्वास्थ्य'मध्ये कॉलेजातच लसीची सोय केली हे चांगलं झालं. पण ती मोहीम २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर, ऐन दिवाळीच्या आधीचे दिवस. तेव्हा आमची निम्मी पोरं सोयाबीनच्या मळणीत नाहीतर कुठल्यातरी दुकानात कामाला. आणि एफवायला (पहिल्या वर्षाला) सतरा वर्षांची मुलं आहेत, त्यांच्यासाठी तर तेव्हा लसच सुरू नव्हती.

येऊ शकत नाहीत त्यांना ऑनलाइन शिकवा, असंही सांगितलंय. मग फळ्यासमोर ट्रायपॉडवर मोबाइल लावून शिकवतो. समोरच्यांना वाटतं सर मोबाइलशी बोलतायत, मोबाइलमधल्यांना फळा दिसत नाही.

बरं, जी आली त्यांचं काय? मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल. तयारी म्हणजे इमारतीची तयारी असंच सगळे धरून चाललेत. पोरांची तयारी कोणी काढतच नाही.

२०२१-२२ ला जे एफवायला आहेत त्यांची बारावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली. त्याआधीची अकरावीची वार्षिकही लॉकडाऊनमध्ये गेली. शेवटचा तीन तासांचा पेपर त्यांनी लिहिला तो दहावीला, मार्च २०१९ मध्ये. परवा वर्गात पाच मार्कांचं एक उत्तर लिहायला दिलं. हुशार मुलगी, पाठ सगळं, पण अर्ध्या पानानंतर पेन खाली ठेवून बोटं दाबत बसली. एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलांनी विद्यापीठाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवरच दिलीय. कॉलेज म्हणून त्यांनी पाहिलं ते १५ फेब्रुवारी २०२१ ला अर्ध्या हजेरीनं उघडलेलं आणि दुसरी लाट येताच मिटलेलं. लायब्ररीचं कार्ड कुठं मिळतं, जर्नलवर सही कधी घ्यायची, हे फक्त टीवायवाल्यांना (तिसऱ्या वर्षाच्यांना) माहीत, आणि त्यांनाही २०२० च्या मार्चपर्यंतचंच. आधी जुनी पोरं नव्यांना हे सगळं कट्ट्यावर शिकवायची. ती साखळीच तुटलीय. तेव्हा माझ्या मते या वर्षी तिन्ही वर्षांची पोरं नवी समजावीत आणि पहिले पंधरा दिवस पोर्शनला हात लावू नये. लॅब दाखवा, लिहून घ्या, बोलतं करा. सिलॅबस मागे पडेल म्हणाल तर तो गेल्या वर्षीच पडलाय. फक्त कागदावर पूर्ण झालाय.

एसवायच्या मुलांनी ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायची काचेची नळी, मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलीय. टायट्रेशनचा शेवटचा थेंब पडून रंग बदलतो ती गंमत व्हिडिओत कळत नाही, कारण तिथं कुणाचंच चुकत नाही. त्यात आपल्याकडं पिपेट (मोजून द्रव घ्यायची नळी) तोंडानं ओढायची जुनी खोड. शिक्षकच तसं शिकवतात. आधीही ते चुकीचंच होतं. आता मास्क खाली ओढून, शेजारच्यानं वापरलेली पिपेट तोंडात धरायची म्हणजे कमालच. तोंडाऐवजी वापरायचा रबरी बल्ब फार महाग नसतो. पण मागणीपत्रात तो सॅनिटायझर स्टँडच्या खाली राहिला, आणि पैसे स्टँडपाशीच संपले.

बाकांच्या पुसापुशीचंही एकदा बोलून टाकतो. बाकं रोज पुसायला माणूस आहे. पण हा विषाणू हवेतूनही पसरतो, कोंदट जागेत जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेनंही आता मान्य केलंय. मग खिडक्या बघा ना! आमच्या जुन्या दगडी इमारतीतले वर्ग उंच छताचे, समोरासमोर खिडक्यांचे, तिथं काहीच करायला नको. नव्या इमारतीत सरकत्या काचा, कधीही अर्धीच खिडकी उघडते, आणि तीही ऊन येतं म्हणून लावून घेतलेली. लॅबमधले एक्झॉस्ट पंखे दोन वर्षांत कबुतरांनी ताब्यात घेतलेत. ते साफ करून सुरू करणं ही खरी तयारी, पण त्याचा फोटो चांगला येत नाही.

राहायचा प्रश्न सगळ्यात अवघड. हॉस्टेलच्या एका खोलीत किती मुलं ठेवायची याचा निर्णय अजून लागत नाही. खासगी खोल्यांचे मालक बाहेरगावची पोरं नको म्हणतात. बंद पडलेल्या मेसही सगळ्या उघडल्या नाहीत. खेड्यातल्या पोराला शिकवायचं तर आधी त्याची राहायची-जेवायची सोय करावी लागते, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच गावात १९२४ साली बोर्डिंग काढून दाखवून दिलं. ते मुलं गोळा करायला गावोगाव हिंडले. आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस टाकतो आणि पोरं येत नाहीत म्हणून चिडतो.

मुलींचं तर विचारूच नका. फोन लावतो त्यांतले तीन मुलींचे नंबर कायमचे बंद लागतात. एकीच्या मैत्रिणीनं सांगितलं, मे महिन्यात लग्न झालं, आता ती पनवेलकडं असते. तिचं नाव अजून आमच्या हजेरीपटावर आहे.

एवढं सगळं माझ्या हातात नाही. विभागापुरतं आम्ही ठरवलंय ते असं : आठवड्याभराची प्रॅक्टिकलं सलग तीन दिवसांत घ्यायची, म्हणजे लांबच्या पोरांना रोजचा प्रवास नको. दुसरा डोस बाकी असलेल्यांसाठी वेगळी बॅच डिसेंबरात. बल्ब आम्ही वर्गणी काढून आणतोय.

त्या तीन दिवसांपुरती राहायची सोय हवी आहे. मेढ्याकडच्या आणि दहिवडीकडच्या मिळून काही मुली आहेत. पोवई नाका, राजवाडा, सदरबझार या बाजूला कुणाकडं खोली रिकामी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. भाडं त्या देतील, डबा आमच्या स्टाफपैकी दोघींच्या घरून येईल. मुलांची सोय एका मित्राच्या गोडाऊनवरच्या खोलीत झालीय, तिथं फक्त गाद्या कमी आहेत. जुन्या चालतील.