गाड्या खाली ठेवल्या तर

सिंहगडावर रोपवे हवा की नको, यावरून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून जुंपते. एक गट म्हणतो, गड पायीच चढायचा, नाहीतर तानाजी मालुसऱ्यांचं नाव घेऊ नये. दुसरा विचारतो, मग म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? जपानमध्ये साप्पोरोत राहून मी दोघांचे मेसेज वाचायचो आणि गप्प बसायचो. गेल्या ऑगस्टात आईला तिथल्याच हाकोदाते शहरात नेलं, तेव्हापासून गप्प बसवत नाही.

हाकोदातेचा डोंगर उंचीला 334 मीटर. आपल्याकडे त्याला टेकडीच म्हटलं असतं. रोपवेच्या एका डब्यात 125 माणसं मावतात आणि तीन मिनिटांत माथा येतो. आईच्या गुडघ्यांना कळलंसुद्धा नाही. वर कठड्याशी जागा मिळवायला मात्र पंढरपूरच्या दर्शनबारीचा धीर लागतो. खाली दिवे लागले होते. दोन्हीकडून समुद्राने शहराची कंबर आवळलेली. आई म्हणाली, "अरे, हे तर डमरू!"

मला त्या दिव्यांपेक्षा महत्त्वाची वाटली ती रस्त्याची गोष्ट. माथ्यापर्यंत मोटाररस्ता आहे, पण संध्याकाळी गर्दीच्या वेळी खासगी गाड्यांना तो बंद असतो. बस, टॅक्सी चालतात. म्हणजे इथे रोपवे गाड्यांच्या बदल्यात आहे, त्यांच्या भरीला नाही. सिंहगडावर 2022 च्या मे महिन्यात खासगी गाड्या थांबवून ई-बस सुरू केल्या होत्या. महिनाही न उलटता तो प्रयोग गुंडाळला. आता तो रस्ता तसाच चालू ठेवून वर रोपवे बांधला, तर गडावर गर्दीच तेवढी वाढेल.

पण पायी चढणाऱ्यांचं म्हणणंही मला तिथेच पटलं. हाकोदातेचा डोंगर हाही एक किल्लाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्कराने त्यावर तोफखाने बांधले आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत सामान्य माणसाला वर पाऊल ठेवू दिलं नाही. त्यामुळेच तिथलं रान टिकलं. सुमारे सहाशे जातींच्या वनस्पती आहेत म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आई हॉटेलात झोपली असताना मी पायवाटेने चढलो. विटांच्या कमानी, शेवाळलेले तोफांचे चौथरे, आणि माणूस एकही नाही. रोपवेने आलेले सगळे कठड्याशी फोटो काढून त्याच डब्यातून परत जातात. सिंहगडाचंही असं झालं, तर तानाजींच्या समाधीपर्यंत किती पाय वळतील? रायगडावर 1996 पासून रोपवे आहे, पण तिथे वर उतरल्यावर निदान राजसदरेपर्यंत तरी चालावं लागतं.

परत आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं : रोपवेचं नंतर बघू, आधी फक्त रविवारी रस्ता गाड्यांना बंद करून पाहू या.

दोन्ही गटांतून एकच उत्तर आलं, "मग आम्ही जायचं कसं?"