वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे : विमानप्रवास खरंच ५३ सेकंदांचा?

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमान '५३ सेकंदांत पोहोचवतं', असा मजकूर सध्या फिरतोय. ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा आहे, एवढं त्यात खरं. ५३ सेकंद हा मात्र अनुकूल वाऱ्यात झालेला विक्रम आहे, रोजची वेळ नव्हे. वेळापत्रकात या उड्डाणाला साधारण दोन मिनिटं धरलेली असतात.

दोन्ही धावपट्ट्यांमधलं अंतर सुमारे २.७ किलोमीटर. हा आकडाही नीट वाचावा. कुठे १.७ लिहिलेलं दिसलं तर ते मैल आहेत, किलोमीटर नव्हेत.

"अंतर भागिले विमानाचा वेग" असं गणित मांडून काहीजण विक्रमही खोटा ठरवतात किंवा दोन मिनिटं जास्त वाटतात म्हणतात. इथे धावणारं आयलँडर हे दोन इंजिनांचं, पंख्यांचं छोटं विमान ताशी साधारण २४० किलोमीटर वेगाने जातं. त्या हिशेबाने ४० सेकंदच येतात. पण इतक्या कमी अंतरात विमान तो वेग गाठून टिकवणार कधी? उड्डाण घेतलं की लगेच उतरायची तयारी. धावपट्टी कोणत्या बाजूने वापरायची हे वारा ठरवतो, आणि वारा उलटा असला तर वळसा घ्यावा लागतो. म्हणूनच कुठल्याही दोन छोट्या विमानतळांमधला वेळ नकाशावरच्या सरळ रेषेवरून काढू नका, वेळापत्रकच पाहा. त्यातल्या वेळेत जमिनीवर विमान चालवत नेण्याचाही वेळ धरलेला असतो.